फक्त भाजी

गोंदिया जिल्ह्यातल्या कोंबड्यांनी कधी सभा भरवली असती, तर निषेधाचा पहिला ठराव माझ्या थोरल्या मामाजींच्या नावाने पास झाला असता. बिरसीजवळच्या त्यांच्या घरी पाहुणा आला की कोंबडा, पाहुणा निघाला की कोंबडा, आणि कुणीच फिरकलं नाही तर घर सुनं सुनं वाटतं म्हणून कोंबडा. एकदा मी उपवासाच्या दिवशी पोचले, तर माणूस खरोखर हळहळला. "अवं बाई, मामाच्या घरी कोनी उपास धरून येते काऊन?" जशी काही मी पायात चपला घालून देवळात शिरले होते!

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. मामींनी धरून-बांधून गोंदियाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर नवा, पुण्याकडचा, गोड बोलणारा. रक्तात चरबी फार झाली होती. "काका, जिवाला धोका आहे," त्याने बजावलं, "यापुढे जेवणात फक्त भाजी." मामाजी दवाखान्यातून बाहेर आले ते हसतच! आता आमच्याकडे भाताबरोबर वाटीत जे पडेल ती भाजी. वांग्याची भाजी, मासोळीची भाजी, तशी कोंबड्याचीही भाजीच. "देवमानूस आहे डाक्टर," ते गावभर सांगत सुटले, "म्हने फक्त भाजी खा. मी दुसरं खाल्लंच काय आजवर?" त्यांनी वरण सोडलं, दही सोडलं, पापडाला शिवेनात. पथ्य म्हणजे पथ्य! मामींना शंका यायची, पण शब्द त्यांनीही स्वतःच्या कानांनी ऐकला होता. असा हा गृहस्थ अख्खा पावसाळा कोंबड्याच्या भाजीवर निष्ठेने राहिला.

दसऱ्यानंतर पुन्हा रक्त तपासलं तेव्हा मी सोबत होते. चरबी आणखी वाढलेली. डॉक्टर चक्रावून म्हणाला, "काका, कसली भाजी खाता तुम्ही?" मामाजींनी छाती फुगवून सांगितलं. डॉक्टरने कपाळावर हात मारून घेतला आणि मला तर बाई हसू आवरेना. मामाजींची एकुलती एक मुलगी रायपूरला दिली आहे. तिला फोनवर हा किस्सा सांगताना मी हसतच होते, आणि पलीकडे ती रडायला लागली. हुंदके देऊन रडली. मामाजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "रडू नको वं माय. सोडलं मी."

अर्धवट काही करायचं, हे या माणसाच्या रक्तातच नाही. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या घरी डांगर म्हणजे तुमचा भोपळा, लाल भाजी, अंबाडी, त्यांची आई लहानपणी करायची ते सगळं परत आलं. कोचईचे, म्हणजे अळूचे, कंद तर मामाजी स्वतः सोलायला बसले, तेही हाताला तेल न लावता. मग संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत खाजवत फिरले, आणि वर शेजाऱ्याला सांगतात, "पाह्य, किती ताकद आहे हिच्यात!" कुंपणावरून लोकांच्या ताटात डोकावून उपदेश करायचे. लोक दारं लावून जेवू लागले. अंगणातले कोंबडे मात्र आता बिनधास्त त्यांच्या पायांवरून चालत जायचे.

पण खरी परीक्षा मंडईची. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, नाटक होतं, लेकी-जावई येतात आणि घरोघरी मटण शिजतं. मामाजींनी स्वतः फिरून पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं, "घ्या ना जी, लाजता कायले?" मग आपलं ताट घेऊन घरापुढच्या छपरीच्या टोकाला जाऊन बसले. ताटात भात आणि डांगर. मी जवळ जाऊन चिडवलं, "मामाजी, एखादी बोटी आणू का गुपचूप?"

ते हसले नाहीत. "वास लय येऊन राहिला बाई, खोटं कायले बोलू," ते हळूच म्हणाले. "पन थे पोरगी पाह्य. केव्हाची बसली आहे, जेवूनच नाई राहिली."

मी वळून पाहिलं. अंगणापलीकडे त्यांची लेक भरलं ताट पुढ्यात घेऊन बसली होती, आणि टक लावून बापाच्या ताटाकडे बघत होती. मामाजींनी डांगराचा भलामोठा घास उचलला, तिला नीट दिसेल असा वर धरला आणि तोंडात घातला. सावकाश चावून गिळला.

मग ती जेवू लागली.