मोदक खाल्लेलं पिल्लू

अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत मी उंदरांचे पिंजरे धुवायला होते. आमचे हे शहाडच्या कारखान्यातून घरी आले की विचारायचे, "काय नर्सबाई, पेशंटला शी झाली का?" मी मान खाली घालून भाकरी थापायची. पण प्रश्न बरोबर होता.

सिस्टिक फायब्रोसिस म्हणून जन्मापासूनचा एक आजार असतो. त्यात मुलांच्या अंगातला चिकट रस घट्ट होतो, छाती भरते, आतडं तुंबतं. आमच्या उंदरांनाही तोच आजार. त्यांची छाती बरी असायची, पोट मात्र तुंबायचं. प्रयोगशाळेच्या मॅडम त्या आतड्याचाच अभ्यास करत. आईचं दूध सुटून दाणे खायला लागली की आजारी पिल्लं जायची. म्हणून त्यांना पातळ खाणं आणि पोट साफ ठेवणाऱ्या पावडरीचं पाणी, बाकी काही नाही. त्या खेपेला असं एकच पिल्लू उरलं होतं. मॅडम त्याला जपत होत्या.

माझ्या जोडीला काम करणारे काका बदलापूरकडच्या खेड्यातले. गणपतीचे दिवस होते. दुपारी बघते तर पिल्लाच्या मिशीला खोबरं.

"काका, हे काय?"

"अगो बाय, गणपतीचं वाहन ते. सणाला त्याला निस्तं औषधाचं पाणी पाजू? मोदकातलं चिमूटभर सारण दिलं."

चहाच्या वेळेला पिल्लू केस फुगवून, पाठ वाकवून कोपऱ्यात बसलं. काकांचं तोंड एवढंसं झालं. स्वतःच जाऊन त्यांनी मॅडमना सांगितलं.

मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी पिंजऱ्यातला भुसा काढून पांढरा कागद अंथरला. मग एवढ्या शिकलेल्या बाई, काका आणि मी, तिघं उंदराच्या ढुंगणाकडे टक लावून बसलो. काका देवाला विनवत होते.

"काका, देवाला म्हणावं, वाहन तुमचं आहे, तुम्हीच ढकला," मॅडम म्हणाल्या.

मी पदर तोंडाला लावला.

"अरे, मावशी हसतात पण!" मॅडम माझ्याकडे वळल्या.

मी आणखीच लाजले.

दिवेलागणीला कागदावर एक लेंडी पडली. काकांनी त्या कागदाला हात जोडले. मॅडमनी पिल्लाचं पोट बोटाने हलकेच चाचपलं.

"वाचलं. पण अभ्यासातून बाद. मोदक खाल्लेलं पिल्लू मला धरता येणार नाही."

"म्हंजे नापास?"

"हो काका. ते खाऊन पास झालं, नापास आपण झालो."

हसत म्हणाल्या, पण आवाज थकलेला होता. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिल्लांसाठी उंदरांची नवी जोडी लावली आणि त्या खोलीचं खाणंपिणं माझ्याकडे दिलं. विसर्जनापर्यंत काका दारातच उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून.