डाव्या कोपऱ्यातली हवा

फोन आला तेव्हा मी मांडूच्या हॉटेलसमोर गाडी चालू ठेवून उभी होते. मागच्या सीटवर पुण्याहून आलेले एक आजी-आजोबा बसलेले, एसी चालू, आणि बाहेर ऊन असं की फरशीकडे बघवत नव्हतं. फोनवर विद्या होती, आबासाहेबांची मुलगी. "मंगलदीदी, आबासाहेब नहीं रहे. सवेरे चाय पीते-पीते…" पुढे तिला बोलवेना. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. आठवतो तो समोरचा काटा. इंजिनातलं तेल किती तापलंय ते दाखवणारं ते छोटं घड्याळ सहा वर्षांपूर्वी त्यांनीच बसवलेलं, आणि काटा जिथे असायला हवा तिथेच होता. पाहुण्यांना धारला नेऊन पोचवलं, त्यांच्या पिशव्या उतरवून दिल्या, मग गाडी झाडाखाली लावली आणि रडून घेतलं.

त्याला आता पाच आठवडे झाले. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. पेपरात लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण विद्याच म्हणाली, "हम तो बस बोल लेते हैं दीदी, लिखना तुमको आता है." आबासाहेबांच्या देवासच्या घरात अजून आईला आईसाहेब आणि वहिनीला वहिनीसाहेब म्हणतात, सणावाराला अशी मराठी बोलतात की मला माझी पणजी आठवते. पण सगळ्यांच्या शाळा हिंदी, त्यामुळे मराठी लिहायची वेळ आली की एकमेकांकडे बघत बसतात. म्हणून हे माझ्याकडे आलं. बाजारात ते दौलत भिया, घरात आबासाहेब, आणि माझे मामा.

माझं माहेर आणि सासर दोन्ही परभणीकडचं. मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कामापायी धारला आलो. गाडी त्यांची, टॅक्सीही तेच चालवायचे. मग साखरेने त्यांची नजर गेली आणि स्टिअरिंग माझ्या हातात आलं. मांडूच्या एका हॉटेलने पाहुणे आणायचं काम दिलं, अट एकच, एसी वाटेत बंद करायचा नाही. आणि माझ्या गाडीचं दुखणं नेमकं तिथेच होतं. धारहून मांडूला जाताना नालछा गाव मागे पडलं, चढ लागला आणि एसी चालू असला की इंजिन असं तापायचं की वर पोचून गाडी उभी केल्यावर तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा. मग मी चढावर गुपचूप एसी बंद करायची आणि पाहुण्यांना सांगायची, आता जंगलाची हवा घ्या. दोघांनी तक्रार केली. मॅनेजर म्हणाला, "दीदी, एक शिकायत और आई तो दूसरी गाड़ी देख लूँगा." काम गेलं तर आम्हाला परत जायला जागा एकच, मोठ्या दिरांचं घर. तिथे नजर गेलेला नवरा आणि वाढती मुलगी घेऊन कोणाच्या तोंडाकडे बघत राहायचं… त्या विचाराने जेवण जात नव्हतं.

धारला एकाने सांगितलं, इंजिन खोला. दुसऱ्याने सांगितलं, एसी काढून टाका. स्टँडवरचा एक ड्रायव्हर म्हणाला, देवासला जा, दौलत भिया इंजिनही बघतात आणि एसीही, दोघांचं भांडण तेच मिटवतील.

मामांनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडलंच नाही. पोहे मागवले, वर सेव घातली आणि विचारलं, "गाव कुठलं?" परभणी म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे आमच्या माहेराकडची माणसं." त्यांच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी भाऊसाहेब म्हणायला लागले तर म्हणाले, "ते राहू दे. मामा म्हण. आणि फिकर नको करू, पहिले मोजू, मग बोलू." त्यांनी ते तापमानाचं घड्याळ बसवलं, तेलाचा दाब मोजला, गाडी फिरवून आणली. इंजिन धड होतं. तेल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं, म्हणून दिवा लागायचा. "ह्याला ऑइल कूलर पाहिजे," मामा म्हणाले. तो म्हणजे लहानसा रेडिएटरच. गरम तेल नळीने त्यात जातं, वाऱ्याने निवतं, परत इंजिनात येतं. त्यांनी तो पुढच्या जाळीमागे, एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरसमोर बसवला. तिथे वारा सगळ्यात जास्त. कूलर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्या शेजारी बसून नालछ्याच्या रस्त्याला आले.

चढ लागला. काटा जागेवर राहिला, माझा जीव भांड्यात पडला. आणि मामांनी एसीच्या झडपेसमोर हात धरला. गाडी बाजूला घे म्हणाले. माझ्या लक्षात आलं, हवा कोमट येत होती. रस्त्याकडेला मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंच, विकणाऱ्या बाईकडून त्यांनी एक मोठं फळ घेतलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मंगल, गलती माझी आहे. कूलरची गरमी सरळ एसीच्या तोंडावर येते. तेल वाचवलं आणि थंडी घालवली. उद्या काढू." इतक्या वर्षांत कुठल्याही मिस्त्रीच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. गाडीचा दोष, पेट्रोलचा दोष, माझ्या चालवण्याचा दोष, हेच ऐकत आले होते. खरं तर काम तिथेच फसलं होतं, तरी का कोण जाणे, त्या चढावर मला पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

रात्री देवासला परतून मी त्यांच्याच घरी राहिले. सकाळी दुकानात कूलर काढून ठेवला, पण दुसरी जागा सापडेना. पुढे एसी, त्याच्यामागे रेडिएटर, बोट घालायला फट नाही. मी रोजच्यासारखी डॅशबोर्डवरच्या देवीपुढे उदबत्ती लावत होते. मामा धुराकडे बघत राहिले. मग तेलकट हात पुढे करून म्हणाले, "ती इकडे दे."

"अहो मामा, देवीची आहे."

"देवीला दुसरी लाव. ही माझी."

गाडी चालू, एसी चालू, आणि मामा जाळीपुढे ओणवे होऊन उदबत्ती फिरवतायत. शेजारचा पंक्चरवाला ओरडला, "दौलत भिया, गाड़ी की आरती कर रिये हो क्या?" मामा म्हणाले, "तेरी भी करूँगा, बारी आने दे." मधोमध धरली की धूर सपकन आत ओढला जायचा. "इथली हवा एसीची. हिला हात लावायचा नाही." उजवीकडे थोडा कमी. डाव्या कोपऱ्यात, गाडीच्या पुढच्या दिव्याच्या खाली, धूर सरळ वर उभा राहिला. मामा तिथेच उकिडवे बसले आणि हसले. "ही हवा कोणाच्याच वाट्याची नाही बघ. ही आपली."

दोन दिवस लागले. बंपरच्या खालच्या जाळीपासून कोपऱ्यापर्यंत पत्र्याची वाट केली, कूलर रबरावर बसवला, मागे लहान पंखा लावला, दगड लागू नये म्हणून पुढे बारीक जाळी. चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकला चिरा पाडल्या, गरम हवा बाहेर पडायला. नळ्या जिथे पत्र्याला घासतील तिथे जुन्या पाइपाचे तुकडे चढवले. मग परत उदबत्ती. धूर उभा राहिला, वाकला आणि आत गेला. "गेला," मामा एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही मांडूला निघालो. मामा म्हणाले, हलक्या गाडीची परीक्षा कसली. म्हणून मामांच्या पत्नी काकूसाहेब, विद्या, तो पंक्चरवाला आणि डिकीत बटाट्याची दोन पोती. एसी पूर्ण. मी काट्याकडे बघायला घाबरत होते, विद्याच मागून मोठ्याने सांगत होती, "वहीं है दीदी, वहीं है." अर्ध्या चढावर काकूसाहेबांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अहो, थंडी वाजते. जरा कमी करा नं."

"आज कोणी हात लावायचा नाही," मामा म्हणाले.

मे महिन्यात, मांडूच्या चढावर, काकूसाहेब कुडकुडत होत्या. हे वाक्य मी आजही मनात म्हणते. वर पोचले, हॉटेलसमोर गाडी उभी केली, लाल दिव्याकडे डोळे लावून बसले. लागला नाही. मामा उतरले, डाव्या चाकाच्या कमानीपाशी हात धरला आणि मला बोलावलं. गरम झोत हातावर येत होता. "सगळं इथून निघून जातंय," ते म्हणाले. तेवढ्यात तो मॅनेजर बाहेर आला. मामांनी दार उघडून त्याला पाच मिनिटं आत बसवलं आणि स्वतः उन्हात उभे राहिले. बाहेर आल्यावर मॅनेजर म्हणाला, "दीदी, कल की सवारी ले लेना." त्या कलची सहा वर्षं झाली. परभणीला जाते ती दिवाळीला, आहेर घेऊन.

नंतर लोहारद्याहून, गंधवानीहून ड्रायव्हर यायचे. मामा प्रत्येकाला आपली पहिली चूक आधी सांगायचे, मग म्हणायचे, धारच्या मंगलची गाडी जाऊन बघ. मी देवासला गेले की ते काम करता करता माझ्याकडून पेपरची मराठी पुरवणी वाचून घ्यायचे. मी अडखळले तरी म्हणायचे, "तसल्लीने वाच, घाई कोणाला आहे." मला वाचता येतं हे मला त्यांच्याकडे कळलं. ही पुरवणी आली की विद्या मला फोन लावणार आहे. मी फोनवर वाचायचं आणि काकूसाहेबांनी ऐकायचं, असं ठरलंय.

आज सकाळी सात वाजता इंदूरची सवारी होती. गाडी चालू केली, कूलरच्या पंख्याचं बटण दाबलं, उदबत्ती पेटवून पुढे गेले आणि डाव्या कोपऱ्यात, दिव्याखाली धरली. सहा वर्षं रोज धरते. धूर क्षणभर सरळ उभा राहिला, मग वाकला आणि आत गेला. मग मी देवीला दुसरी लावली.