लायल पॅस्कोचा नववा सामना

लायल पॅस्को मेलबर्नला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. साल १९८३, महिना फेब्रुवारी. त्याचं गाव वॉलरू, समुद्रकाठचं. बाप रॉस धक्क्यावर जहाजांत गहू भरायच्या कामाला, आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये मांस-बटाट्याच्या पेस्ट्या भाजायची. गावच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संघात लायल सोळाव्या वर्षापासून मोठ्या माणसांत खेळत होता. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. शहरातल्या क्लबचा माणूस येऊन दोन शनिवार त्याचा खेळ बघून गेला आणि तिसऱ्या आठवड्यात कराराचं पत्र आलं. रॉसने ते वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं आणि म्हणाला, "जा. पण तिथे सगळेच तुझ्याएवढे उंच असतील, एवढं लक्षात ठेव."

तसंच होतं. पहिलं वर्ष रिझर्व्ह, म्हणजे दुय्यम संघात गेलं. दिवसा क्लबने लावून दिलेली टाइल्सच्या गोदामातली नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. कोच क्लेम हॅनरहन स्वतः जुना बचावपटू. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी झाली होती. त्याने लायलला एकच काम शिकवलं. समोरच्या संघाचा आघाडीचा माणूस उंच आलेला चेंडू झेलायला झेपावतो. झेलला की त्याला निवांत किक मिळते, आणि बहुतेक वेळा गोल. तर चेंडू त्याच्या हातात पडायच्या आत मुठीने उडवून लावायचा.

"माणूस तुला दिसलाच नाही पाहिजे," क्लेम म्हणायचा. "चेंडू बघ. बाकी सगळं मैदान रिकामं आहे असं समज."

लायल हे शिकला. १९८४ च्या एप्रिलमध्ये त्याला मुख्य संघात घेतलं आणि पुढच्या आठ सामन्यांत त्याने नावाजलेल्या तिघांना जवळजवळ गोलच करू दिले नाहीत. गावाकडच्या पेपरात त्याचा फोटो आला. आईने तो कॅन्टीनच्या भिंतीवर लावला.

नववा सामना जूनमधला, नदीपलीकडच्या क्लबाविरुद्ध. सकाळपासून पाऊस होता आणि मैदानाच्या मधल्या भागात चिखल झाला होता. चारांपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्ये वारा पाठीशी घेऊन कुणीतरी चेंडू खूप उंच मारला. तो लायलच्या संघाच्या गोलखांबांच्या दिशेने येत होता, आणि त्याच्याखाली थिओ कलांझिस धावत होता. थिओ बावीस वर्षांचा, त्याच्या क्लबचा लाडका. खांबांकडून कोण येतंय हे त्याला दिसणं शक्य नव्हतं, कारण त्याची मान मागे वळलेली होती आणि डोळे चेंडूवर होते. असं न बघता धावायला छाती लागते; भले भले खेळाडू शेवटच्या क्षणी एकदा मान फिरवून बघतात.

लायल समोरून आला. डोळे चेंडूवर, मूठ वर. मूठ चेंडूला लागली. त्याच क्षणी त्याची कंबर थिओच्या डोक्यावर आदळली.

लायल उठला. थिओ उठला नाही. तो चिखलात पालथा पडला होता आणि त्याचा एक हात अंगाखाली दुमडलेला होता. तो कुणी सोडवला नाही, कारण धावत आलेल्या डॉक्टरने लांबूनच ओरडून सांगितलं की त्याला हात लावू नका. तीस हजार माणसं बसली होती, पण छपरावरच्या पावसाचा आवाज ऐकू येत होता. स्ट्रेचर आलं, गेलं. मग पंचाने चेंडू उचलला आणि खेळ पुढे सुरू झाला. लायलही खेळला. त्यांचा संघ जिंकला, पण कपडे बदलायच्या खोलीत आल्यावर जिंकल्याचं गाणं कुणी सुरू केलं नाही.

थिओची मान मोडली होती. मंगळवारपर्यंत कळलं की हात चालतील, पाय चालणार नाहीत.

पंचांनी लायलविरुद्ध तक्रार केली नव्हती. टीव्हीवर तो प्रसंग हळू करून पुन्हा पुन्हा दाखवला आणि जाणकारांनी सांगितलं की लायलचे डोळे शेवटपर्यंत चेंडूवर होते. क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "तुझी चूक नव्हती." गोदामातला फोरमन म्हणाला, घरमालकीण म्हणाली, रस्त्यात अनोळखी माणसं थांबवून म्हणाली. लायल प्रत्येकाला "हो" म्हणत राहिला.

रविवारी बापाचा फोन आला. रॉस आधी हवेबद्दल बोलला. मग विचारलं, "भेटायला गेलास का त्याला?"

"क्लब म्हणतोय, आत्ता नको. वकील वगैरे..."

"क्लबचं नाही विचारलं मी."

रॉसने फोन आईकडे दिला.

पुढचे तीन सामने लायल खेळला. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नव्हता. तो धावत होता, उडी मारत होता, पण अर्धं पाऊल उशिरा. चेंडू वर असताना त्याची नजर खाली उतरायची आणि खाली कुणाची मान आहे ते बघून यायची. तेवढ्यात चेंडू झेलला जायचा. चौथ्या गुरुवारी सरावानंतर क्लेमने त्याला बाकावर बसवलं.

"तू माणूस बघतोयस."

"हो."

"मी तुला दोष देत नाही, पोरा. पण असा खेळशील तर पुढची मान तुझी मोडेल. रिझर्व्हमध्ये जा काही दिवस."

त्यानंतरच्या सोमवारी लायल गोदामातून लवकर निघाला आणि ट्रामने इस्पितळात गेला. कुणाला सांगितलं नव्हतं. थिओच्या खाटेशी त्याची आई बसली होती, काळ्या कपड्यातली, ठेंगणी बाई. लायल दारात उभा राहिला. ती त्याला टीव्हीवर बघून ओळखत होती. उठली, पिशवी घेतली आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या बाजूने बाहेर निघून गेली.

"बस," थिओ म्हणाला. "तिची खुर्ची घे. आता ती तासभर येत नाही."

लायल बसला. ट्राममध्ये जे काही जुळवून ठेवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना.

"माझी माफी नको मागूस," थिओ म्हणाला. "टोपलंभर आल्यात, सगळ्या कार्डांवर. मला दुसरं हवंय. मला काहीच आठवत नाही. चेंडू वर गेला इथपर्यंत आहे, पुढे नाही. विचारलं की सगळे म्हणतात, जाऊ दे, नको विचार करूस. तू होतास तिथे. तू सांग."

"सगळं?"

"पहिल्यापासून."

लायलने सांगितलं. तो सावकाश बोलला, कारण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि स्वतःशीही इतक्या क्रमाने बोलला नव्हता. वारा कुठून होता, चेंडू कसा डगमगत आला, आपण कुठून निघालो, मूठ कधी लागली, मग कंबर कुठे आदळली. थिओ छताकडे बघत ऐकत होता.

"चेंडूला लागली तुझी मूठ? खरंच?"

"मूठ लागली. नीट नाही. दोन बोटं."

"म्हणजे मला मिळणारच नव्हता."

"नाही."

"आणि मी? मी वळून बघितलं का? तू येतोयस ते?"

लायलला वाटलं, इथे खोटं बोलावं का. पण कुठल्या उत्तराने थिओला बरं वाटेल, हेच त्याला कळेना.

"नाही बघितलंस," तो म्हणाला. "शेवटपर्यंत नाही."

थिओने डोळे मिटले. त्याच्या कानाकडे पाणी ओघळलं. तो म्हणाला, "पुस जरा. माझा हात पोचत नाही अजून तिथे."

लायलने चादरीच्या कोपऱ्याने पुसलं.

निघताना थिओ म्हणाला, "रिझर्व्हमध्ये टाकलंय म्हणे तुला. माझे पाय घेतलेस ते घेतलेस, आता भित्र्या माणसाने घेतले असं सांगत फिरू का मी?"

"मला जमत नाहीये, थिओ."

"ते मला सांगू नकोस. सोमवारी ये. येताना काहीतरी खायला आण, इथलं सूप गोदामातल्या धुळीसारखं लागतं."

लायल दर सोमवारी जाऊ लागला. थिओची आई दर सोमवारी उठून जायची. ऑगस्टमध्ये क्लबचे दोन बचावपटू जखमी झाले आणि क्लेमने नाइलाजाने लायलला परत घेतलं. शेवटच्या क्वार्टरमध्ये तसाच उंच चेंडू आला, तसाच एक पोरगा मान मागे टाकून धावत आला. लायलची नजर खाली गेली, पोरावर टेकली आणि पुन्हा वर आली. तो थोडा तिरपा गेला, खांदा आत घेतला, मूठ मारली. दोघं कोसळले. लायल गुडघ्यावर उठला आणि हललाच नाही, जोवर तो पोरगा उठून शिव्या देत पळाला नाही. मग सीमारेषेपलीकडे जाऊन तो ओकला.

सोमवारी थिओ म्हणाला, "रेडिओवाला म्हणत होता, उशिरा पोचलास."

"पोचलो ना."

"उशिरा."

"हो. इथून पुढे उशिराच पोचणार मी, थिओ. आधी बघणार, मग जाणार."

"मग जास्त जोरात पळायला शिक," थिओ म्हणाला.

हंगाम संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात लायल रोज पहाटे मैदानावर एकटा पळाला. १९८५ चा सगळा हंगाम तो मुख्य संघात होता आणि वर्षअखेरीस त्याला आणखी दोन वर्षांचा करार मिळाला. नामांकित तो कधी झाला नाही. त्याच्याबद्दल लिहिणारे लिहीत की तो सावध खेळतो, आणि त्यात कौतुक आणि टोमणा दोन्ही असायचं.

थिओला टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली. तो आईबरोबर राहायला गेला. सोमवार चालू राहिले. दार आईच उघडायची, लायलला आत घ्यायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. सहा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि एकदाही तिने दार बंद ठेवलं नाही.