सांडगे, खायचे

कुणी आडनाव विचारलं की आत्ती सांगायची, "सांडगे. खायचे."

दवाखान्यात, बँकेत, कुठंही. समोरचा हसला की तिच्या कपाळाला आठी पडायची. "हसतोस काय? उन्हात बसून घालून बघ एकदा. पाठ मोडती."

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही, त्यामुळं आडनाव शेवटपर्यंत आमचंच राहिलं. ते कुठून आलं, हे तिनं मला लहानपणी कितीतरी वेळा सांगितलं होतं. आमच्या घरातली एक बाई तरणीताठी विधवा झाली. घरामागच्या परड्यात सांडगे घालून तिनं ते बाजारात विकले, पोरं वाढवली. गाव म्हणायचं, सांडगेवालीची पोरं. शाळेत मास्तरांनी तेच लिहून घेतलं. "मी तरी कुठं बघिटली तिला?" आत्ती म्हणायची. "आज्जीनं मला सांगिटलं, मी तुला सांगतोय."

मग माझ्या थोरल्या भावाला, दादाला, घराणं सापडलं. दादा कंत्राटदार. त्यानं जिल्ह्यातले सगळे सांडगे जोतिबाच्या डोंगरावर गोळा केले. मांडवात हा भला मोठा फ्लेक्स, त्यावर उंट. आपण म्हणे सांडणीस्वारांचे वंशज. पुरावा काय, तर "सांडणी, सांडगे. जुळतंय की!"

आत्ती भर मांडवात उभी राहिली. "कुठला उंट रं? आपल्या परड्यात म्हस मावत न्हवती." लोक हसले. ती हसली नाही. "जिनं पोरं जगवली तिचं नाव बी कुणाला ठावं न्हाय. आडनाव तेवढं ऱ्हायलंय. ते बी उंटाला देतोस व्हय?" मग माझ्याकडं वळली. "बाळू, तुला ठावं हाय. बोल की."

दादा माइकवर म्हणाला, "आत्तीचं आता वय झालंय." टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बाईला वेडी ठरवायला एवढंच लागतं. आणि मी काय केलं? तिला हाताला धरून खाली बसवलं.

डोंगर उतरताना ती एवढंच म्हणाली, "तू बसवलंस."

यंदा ती गेली. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. तिच्या फोटोमागं तोच उंट. मेल्यावरही तिला सोडलं नाही.

बाराव्याला मी स्वतः सांडगे तळले आणि नैवेद्याच्या पानात ठेवले. दादा दातओठ खात जवळ आला. "पै-पावणं बघाय लागल्यात. काय हे?"

"सांडगे," मी म्हणालो, मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. "खायचे."