पायपर चालू लागला म्हणजे निघाला असं नव्हे

मंडळाच्या ईमेल लिस्टवरच्या सर्वांनो, आज दुपारी हॉलमध्ये होतात ना? मग हे तुमच्यासाठीच आहे.

माझे बॅगपाइपचे सर, ॲलिस्टर, माझ्या एका शब्दावर आपल्या गणपतीला वाजवायला आले. त्यांनी पिब्रॉख सुरू केला. म्हणजे स्कॉटिश लोकांचा विलंबित ख्यालच समजा. एकच धून सावकाश फुलवत नेतात आणि वाजवता वाजवता संथ चालतात. तशी पद्धतच आहे.

सर वळून दाराच्या दिशेने चालू लागले आणि आपल्या देशपांडेकाकांना वाटलं, निघाले! लगेच माइकवर, "थँक्यू व्हेरी मच! चला, जेवण लागलंय." तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मसालेभातावर तुटून पडलात.

"अहो काका, ते अजून वाजवतायत!" मी ओरडले.

"अगं, मग वाजवू देत की. बॅकग्राउंडला छान वाटतंय."

सर थांबले नाहीत. वाजवत तसेच बाहेर गेले आणि कार पार्कमध्ये, भणाणत्या वाऱ्यात, त्यांनी धून पूर्ण केली. ऐकायला मी एकटी.

पुढच्या महिन्यात पुण्याहून गायिका येतायत. आलाप घेताना त्यांनी डोळे मिटले, की झोपल्या असं समजून ताटं मांडायची का?