चार बाटल्या आणि वीस मिलिग्रॅम

२२ ऑक्टोबर, मंगळवार. रक्कम बहात्तर हजार रुपये. हजर: मी, माझी बायको आणि सांगलीच्या दवाखान्यात वजन घेणारी सिस्टर.

माझ्या मणक्यांना आतून सूज येते आणि ते हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. हा वाताचा आजार आहे हे कळायला नऊ वर्षं गेली. तोवर जो तो पोटाकडे बघून सांगायचा, आधी वजन उतरवा, पाठदुखी आपोआप थांबेल. पाठीमुळे चालणं सुटलं, चालणं सुटल्याने वजन वाढलं, आणि दुखण्याची गोळी उपाशीपोटी चालत नाही म्हणून तिच्याबरोबर दोन पाव. मी साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर हंगामी कारकून. पगार सहा महिने, सवलतीची साखर बारा महिने. घरात स्वस्त अशी तेवढीच गोष्ट होती. ती आम्ही चहातून संपवली.

त्यावरच्या इंजेक्शनचा हिशोब वजनावर होता. किलोला पाच मिलिग्रॅम, बाटलीत शंभर, बाटलीला अठरा हजार. ऐंशी किलोपर्यंत चार बाटल्या, वर गेलं की पाचवी. पैसे जमले होते चारचेच. नोव्हेंबरात गाळप सुरू होणार होतं, आणि आठ तास बसता आलं नाही तर काट्यावर दुसरा माणूस येणार होता.

गणपती गेल्यावर पाणी निवळलं, तेव्हापासून मी भात सोडला आणि रोज पहाटे आमच्या घाटाखाली कृष्णेत छातीभर पाण्यात चालू लागलो. पाण्यात वजन नसतं. आखडलेली कंबर सुटायची. धुक्यात पलीकडचं देऊळ आधी कळसापुरतं दिसायचं, मग हळूहळू खालपर्यंत उतरायचं. वाटायचं, हेच पाणी माझ्याआधी सांगलीला पोचेल, आणि त्याला कुणी काट्यावर उभं करणार नाही.

परतताना कारखान्याच्या रिकाम्या आवारात शिरायचो. ट्रक उभे राहतात त्या लोखंडी फलाटावर मी एकटा, ओला. आधी आकडा यायचा नव्वद. दसऱ्याला ऐंशी आला.

आमचा काटा दहा-दहा किलोंनी चढतो. शेतकरी विचारायचे, "आवं, वरचं चार किलो कुठं गेलं?" मी म्हणायचो, "काट्यालाच दिसत न्हाईत, मला कुठनं दिसणार?" बारा वर्षं हे लोकांना सांगत आलो, आणि स्वतःच्या वेळी विसरलो. विसरलो म्हणणंही खरं नाही. तो आकडा मला आवडला होता.

दवाखान्यातला काटा लहान होता. "चौऱ्याऐंशी," सिस्टर म्हणाली.

मी चप्पल काढली, पट्टा काढला, किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या. चौऱ्याऐंशीच.

"आता कडदोरा बी काढा," बायको म्हणाली. "तरी सांगत हुते, ऊस मोजायचा काटा हाय त्यो." मग तिने तोंड फिरवून पैशांची पिशवी घट्ट धरली.

माझ्यामागे एक कॉलेजातली मुलगी उभी होती, माझ्यासारखीच मान न वळवता. तिलाही तोच आजार, तेच औषध. तिची आई हळदीच्या बाजारात माल निवडायला जाते. आईची बोटं पिवळी होती. मुलीचं वजन छप्पन्न.

"खातच न्हाई काय," आई म्हणाली.

"माझ्याकडं बघून सांगताय व्हय?" मी म्हटलं. मुलगी हसली.

सवयीने दोन्ही वजनांची बेरीज केली. मला चारशे वीस मिलिग्रॅम, तिला दोनशे ऐंशी. एकूण सातशे, सात बाटल्या बरोबर. वेगवेगळं घेतलं तर आठ. तसं सिस्टरला सांगितलं. सिस्टरने पुन्हा आकडेमोड केली आणि डॉक्टरांना विचारून आली. फोडलेली बाटली ठेवता येत नाही, दोघांना एकाच वेळी लावू, म्हणाले.

दोन खाटा, मध्ये खिडकी. थेंब पडत राहिले. मला झोप नव्हती आणि जागही नव्हती. पाठीखाली गादी होती की पाणी, कळेना. कुठेतरी बायको आणि ती आई हळदीचा भाव बोलत होत्या. देऊळ धुक्यातून खाली उतरत होतं आणि त्याचं वजन कुणी करत नव्हतं.

गाळप सुरू झालं तेव्हा मी काट्यावर बसलो, आठही तास.

चार बाटल्यांचे बहात्तर हजार त्याच दिवशी दवाखान्याच्या औषध दुकानात भरले होते. मुलीच्या तिसऱ्या बाटलीतला पाचवा हिस्सा मला आला होता, त्याचे तीन हजार सहाशे राहिले होते. ते पहिल्या पगारातून, सांगलीच्या हळद बाजारात जाऊन, तिच्या आईच्या हातात दिले.