आष्टीत चुकलेलं जहाजाचं नाक

माझं ठरत आलेलं लग्न माझ्याच हातानं कसं मोडलं, ते सांगतो. चहा घेता घेता ऐका, फक्त हसू नका. मी तव्हा लई गंभीर होतो.

मी जालन्याचा, मस्तगडातला. काम जहाजांचे आराखडे काढायचं. जालन्यात समुद्र कुठून आला, असं तुम्ही विचारणारच. घरून करतो, कम्प्युटरवर.

मोठ्या जहाजाला पुढं, पाण्याखाली, एक फुगीर गोळा असतो. त्यानं लाटा कमी उठतात, डिझेल कमी लागतं. आमी त्याला नाक म्हणतो. सुरुवातीला त्याचा आकार अंदाजानंच धरायचा. जहाज मधोमध कापलं तर पाण्याखालचा जेवढा भाग दिसंल, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा.

तर मामांनी आष्टीचं एक स्थळ आणलं. आईसंगं पोरगी बघायला गेल्तो. पोरगी अश्विनी, कॉलेजात गणित शिकवायची. पोहे झाले, बोलणं बराबर चाललं होतं. तेवढ्यात माझ्यासंगं काम करणाऱ्या इम्रानचा फोन आला. मी उठून ओसरीत गेलो.

"नाक मोठं दिसून राह्यलं ना? मला बी तेच वाटलं," मी म्हणलो. "बाजूनं तर बिलकुल बघवत न्हाई. असं कर, निम्मं कापून टाक. मंग पाण्यात सोडून बघू."

आत आलो तर माझं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं. आईनं पदर तोंडाला लावलेला. अश्विनीचे वडील सावकाश म्हणाले, "पाव्हणं, नाक पसंत नसंल तर सरळ सांगा. पोरीला पाण्यात कशाला सोडता?"

खरं सांगतो, तिचं नाक छान होतं. घाईघाईनं मोबाइलवर जहाजाचं चित्र दाखवलं. वडिलांनी चष्मा लावून ते लई वेळ पाह्यलं.

"गोळा जहाजाला लावला, का जहाज गोळ्याला?"

अन् हसले. मंग सगळेच हसले. वाचलो, म्हणलं.

अश्विनीनं मोबाइल हातात घेतला. "एवढं मोठं कसं झालं?"

"अंदाज हाय," मी म्हणलो.

"अंदाजामागचं गणित दाखवा."

दाखवलं. माझ्या दोन ओळी वाचून ती म्हणली, "इथं व्यास काढला, अन् चित्र काढताना तोच त्रिज्या म्हणून धरला. समोरून गोळा चौपट झाला."

मी इम्रानला तिथूनच कळवलं. जहाजाचं नाक त्याच दिवशी नीट झालं.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. "ते नाकाचं त्यांनी मनावर घेतलं न्हाई रे," मामा म्हणले. "पोरगी म्हणती, बोलणं ऐकून राग आल्ता तो गेला. गणित बघून आला, तो जाईना."